भैरवीतलं जुनं भावगीत गिटारवर बसवायचंय, पण शीटवरच्या कॉर्ड्स गाण्याशी भांडतात

परळची_सहावी_तार

गाणं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. नाव दिलं की धागा 'मूळ रेकॉर्ड बरी की नंतरची' या वाटेला लागतो आणि कॉर्ड्स राहतात बाजूला. कामापुरती माहिती अशी: जुनं मराठी भावगीत, भैरवी, दादरा, बाईंचा आवाज. पेटीवर पडताळलं तर सा काळी चारच्या (म्हणजे जी शार्पच्या) जवळपास लागतो. ध्रुवपद, तीन अंतरे, मध्ये व्हायोलिन-बासरीचा दोन ओळींचा तुकडा. गिटार साधी ड्रेडनॉट, १२ नंबरच्या स्टीलच्या तारा, सेटअप (तारांची उंची, मानेचा बाक जुळवणं) कधीच केलेला नाही. मोकळ्या कॉर्ड्स येतात. बार कॉर्ड (तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबायची) कशीबशी एक आवर्तन टिकते, मग मनगट बोलायला लागतं.

नेटवरून उतरवलेल्या शीटवर जी शार्प मायनर, ए, सी शार्प मायनर, ई, एफ शार्प मायनर अशा कॉर्ड्स आहेत आणि जवळजवळ प्रत्येक ओळ संपताना डी शार्प सेव्हन. ही डी शार्प सेव्हन वाजवली की गाणं एकीकडे आणि गिटार दुसरीकडे. बोटं बरोबर आहेत, दहा वेळा तपासलं.

शिवाय ट्यूनरवर सगळ्या तारा हिरव्या दिसतात, तरी रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना गिटार जराशी उतरलेली वाटते. आणि दादरा म्हणून जे काही हातातून निघतं ते वांद्र्याच्या लग्नातल्या वॉल्ट्झसारखं ऐकू येतं. कॉर्ड बदलायला नेहमी अर्धी मात्रा उशीर होतो तो वेगळाच.

कुठून सुरुवात करू? गाणं सोपं करून वाजवायला हरकत नाही, पण भैरवी भैरवीच वाटली पाहिजे.

कॅपोबहाद्दर

ती शीट कीबोर्डवाल्याने केलेली दिसते. त्याला काळ्या पट्ट्यांवर चालायला काही त्रास नसतो. आपल्याला पाचही कॉर्ड्सपैकी निम्म्या बार लागतात. फाडून टाका.

चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा आणि सा ई मायनरच्या आकारातून धरा. जी शार्प मायनरच्या जागी ई मायनर, ए च्या जागी एफ, सी शार्प मायनरच्या जागी ए मायनर, ई च्या जागी सी, एफ शार्प मायनरच्या जागी डी मायनर. बी कुठे आली तर जी. आवाज तोच, पट्टी तीच, काळी चार.

हे फक्त सोयीचं म्हणून सांगत नाही. कॅपोच्या पुढच्या सहा मोकळ्या तारा बघा: सहावी सा, पाचवी मध्यम, चौथी कोमल निषाद, तिसरी कोमल गंधार, दुसरी पंचम, पहिली पुन्हा सा. सगळे स्वर भैरवीतले! म्हणजे चुकून एखादी मोकळी तार लागली तरी बेसूर होत नाही. ए मायनरच्या आकारातून तीच भैरवी धरलीत तर लगेच बी फ्लॅट आणि जी मायनर अशा दोन बार कॉर्ड्स गळ्यात पडतात.

आता डी शार्प सेव्हन. आपल्या नव्या आकारात ती बी सेव्हन होते. तिच्यात डी शार्प आणि एफ शार्प हे दोन स्वर आहेत. सा ई धरल्यावर डी शार्प म्हणजे शुद्ध निषाद, एफ शार्प म्हणजे शुद्ध रिषभ. गायिका त्याच जागी कोमल निषाद किंवा कोमल रिषभ घेऊन सा वर उतरते आहे. भांडण होणारच. शीट लिहिणाऱ्याने मायनर गाणं म्हटल्यावर सवयीने पाचव्या स्वराची सेव्हन्थ टाकली असणार, साठ टक्के शीट्समध्ये हाच घोळ असतो (आकडा माझा, मनावर घेऊ नका). ओळ संपवताना एफ वरून ई मायनरवर या. कोमल रिषभावरून सा वर उतरणं, भैरवीची ओळखच ती. जिथे चाल निषादावरून सा ला येते तिथे डी मायनर, मग ई मायनर.

भावगीतातल्या भैरवीत अधूनमधून शुद्ध रिषभही लागतो, विशेषतः अंतऱ्यात वर चढताना. तिथे डी मायनर ऐवजी डी मेजर. दोन्हींत फरक फक्त पहिल्या तारेचा: पहिल्या फ्रेटवर दाबली तर कोमल रिषभ, दुसऱ्यावर शुद्ध. बाकीच्या दोन तारांवरचे स्वर जागचे हलत नाहीत. ओळ गुणगुणत दोन्ही वाजवून बघा, कान लगेच सांगतो.

उतरलेल्या आवाजाबद्दल: ट्यूनर बरोबर आहे, रेकॉर्डिंग चढलेलं आहे. जुन्या तबकड्या आणि टेप संगणकावर घेताना फिरण्याचा वेग १ टक्क्याने जरी जास्त राहिला तरी सूर सुमारे १७ सेंट चढतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर, म्हणजे १७-२० सेंट स्वच्छ जाणवतात. तानपुऱ्याचं ॲप लावा, काळी चार धरा आणि गायिका जिथे लांब सा वर थांबते तिथे सेंट वाढवत जा, दोन सुरांमधली लहर थांबेपर्यंत. समजा २० सेंटवर थांबली, तर ट्यूनरमध्ये ए चा आधार ४४० हर्ट्झच्या जागी ४४५ ठेवा आणि तारा पुन्हा लावा. एकट्याने वाजवताना परत ४४०.

खुंटीपिळ्या

कॅपोबहाद्दरांचं सगळं मान्य, पण 'सेटअप कधीच केलेला नाही' हे वाक्य त्यांनी वाचलंच नाही. बार कॉर्ड एका आवर्तनात दुखते त्यात बोटांचा दोष निम्मा, नटचा (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, तारा जिच्यातून जातात) निम्मा.

एक चाचणी करा. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून एफ चा पूर्ण बार आकार त्याच्या पुढे धरा. अचानक सोपं वाटलं तर नटच्या खाचा उथळ आहेत, तारा तिथे गरजेपेक्षा उंच बसल्यात. दुसरी चाचणी: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातूमध्ये किती फट राहते बघा. साधा कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. पोस्टकार्ड जात असेल तर खाचा खोल करून घ्या. हे काम घरी कानशीने करू नका. तारेच्या जाडीच्या वेगवेगळ्या कानशी लागतात, आणि खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर तडतडते, मग नवा नट.

बाराव्या फ्रेटवर पट्टी धरून उंची मोजा. सहावी तार २.५ मिलिमीटर, पहिली तार २ मिलिमीटरच्या आसपास असली की बस. सहावी ३.५ दाखवत असेल तर आधी मानेचा बाक बघा: पहिल्या फ्रेटवर कॅपो, सहावी तार चौदाव्यावर दाबायची, मध्ये सहाव्या-सातव्या फ्रेटवर ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट ठीक, म्हणजे जाड व्हिजिटिंग कार्ड. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग एक दिवस थांबा, मग पुन्हा मोजा. रॉड घट्ट लागला तर जोर करू नका, कारागिराकडे न्या.

सॅडल (ब्रिजवरची पट्टी, तारा जिच्यावर टेकतात) घासून उंची उतरवायची असेल तर पावसाळ्यात अजिबात नको. मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की गिटारचं वरचं फळकूट फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा आपोआप उंच होतात. जुलैत सॅडल घासलं की डिसेंबरात फळकूट बसतं आणि सगळ्या तारा फ्रेटवर आपटायला लागतात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायला सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, हाही हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. गिटार बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका, ती भिंत ऑगस्टमध्ये घाम गाळत असते. केसमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या रंग बदलल्या की बदला किंवा वाळवून घ्या.

१२ च्या जागी ११ च्या, म्हणजे जरा बारीक, तारा लावल्या तरी डाव्या हाताला फरक जाणवतो. १० च्या मला पटत नाहीत. ड्रेडनॉटचा खर्ज त्यात उरत नाही, आणि दादऱ्याला खर्ज लागतोच.

कॅपोबद्दल एक. फ्रेटच्या अगदी मागे लावा, मधोमध नाही. जास्त घट्ट असला की तारा चढतात, म्हणून कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यून करायचंच. स्प्रिंगचा कॅपो खेचून बाजूला तिरका बसला की सहावी तार एकटीच चढते, हे कायम दिसतं.

डग्गेवाला

तुमचा दादरा वॉल्ट्झ का होतो सांगतो. तुम्ही बहुतेक 'खर्ज-छेड-छेड, खर्ज-छेड-छेड' असं वाजवताय, आणि दोन्ही खर्ज सारख्या वजनाचे. ते तीन-तीन मात्रांचे दोन वेगळे तुकडे झाले. दादरा सहा मात्रांचा एक आहे: धा धी ना । धा ती ना. काही ठिकाणी दुसरा भाग 'ना ती ना' लिहितात. बोल कसेही लिहा, चौथी मात्रा म्हणजे 'काल' (खाली), तिथे वजन उचललं जातं. पहिली सम, ती जमिनीवर.

पिक बाजूला ठेवा आणि बोटांनी वाजवा. अंगठा खर्जाच्या तारेवर पहिल्या मात्रेला, तर्जनी तिसऱ्या तारेवर दुसरीला, मधलं बोट दुसऱ्या तारेवर तिसरीला, अनामिका पहिल्या तारेवर चौथीला, मग मधलं पाचवीला, तर्जनी सहावीला. झालं आवर्तन. चौथ्या मात्रेला खर्ज आपसूक नाही, तिथे सगळ्यात बारीक तार आहे. डग्गा उचलल्याचा भास तिथून येतो. वेगळं काही करावं लागत नाही, फक्त अनामिकेने जोर करायचा नाही.

अंगठ्याची तार: ई मायनरला सहावी, सी आणि ए मायनरला पाचवी, एफ आणि डी मायनरला चौथी, जी ला सहावी.

पिकनेच वाजवायचं असेल तर पहिल्या मात्रेला खर्ज, दुसरी-तिसरीला खाली-खाली हलकं, चौथीला खर्ज नाही, वरच्या दोन तारांवर नुसता स्पर्श, पाचवी-सहावीला खाली-वर. चौथीला हात पडू द्यायचा नाही, एवढं पाळलं तरी वॉल्ट्झ जातो.

वेग. भावगीताचा दादरा साधारण मिनिटाला १५० मात्रांच्या आसपास असला तर एक आवर्तन २.४ सेकंदांचं होतं. तुम्ही ९० मात्रांवर सुरू करा, म्हणजे आवर्तन चार सेकंदांचं. मेट्रोनोम प्रत्येक मात्रेला लावू नका. ३० वर ठेवा आणि एका टिकेत तीन मात्रा म्हणा, तोंडाने, धा धी ना. प्रत्येक मात्रेला टिकटिक असली की हात टिकटिकीला लटकतो आणि लय आतून येत नाही. ९० ला पाच मिनिटं न चुकता झालं की ३ ने वाढवा, म्हणजे टिक ३१. मूळ गाण्याबरोबर वाजवायचं तर प्लेअरवर वेग ०.७५ करा, यूट्यूबवर वेग बदलला तरी सूर बदलत नाही.

परळची_सहावी_तार

पहिल्या फ्रेटची चाचणी केली. फरक जमीन-अस्मानाचा आहे, म्हणजे नटच. तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्यावर कार्ड सरळ आत जातंय. दाखवतो कारागिराला.

दोन प्रश्न उरले. एफ चा पूर्ण बार टाळता येईल का? आणि कॉर्ड बदलायचा उशीर कसा काढायचा? शिवाय गाणार मी नाही, भाऊ गाणार आहे. त्याचा सा पांढरी दोन.

कॅपोबहाद्दर

बार टाळाच. चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिकेने, तिसरी तार दुसऱ्यावर मधल्या बोटाने, दुसरी तार पहिल्यावर तर्जनीने, पहिली मोकळी. याला एफ मेजर सेव्हन म्हणतात. पहिली मोकळी तार म्हणजे सा, तो वर वाजत राहतो आणि खाली कोमल रिषभाची कॉर्ड. तानपुऱ्यासारखा परिणाम येतो.

आता उशीर. बोटं एकेक करून बसवताय म्हणून. सी वरून या एफ ला जाताना तर्जनी हलतच नाही, दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर तशीच राहते. मधलं बोट आणि अनामिका दोघं मिळून एकेक तार खाली, बारीक तारेच्या बाजूला सरकतात, फ्रेट तेच. सी वरून ए मायनरला फक्त अनामिका उचलायची, पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. ए मायनरवरून ई मायनरला तर्जनी उचला, मधलं आणि अनामिका दोघं एकेक तार वर, जाड तारेकडे. म्हणजे ई मायनर मधलं-अनामिका अशीच धरायची, तर्जनी-मधलं नाही.

या तीन बदलांवर दहा मिनिटं, उजवा हात न वापरता, नुसती पकड-सोड. दर पकडीनंतर बोटं तारेपासून अर्धा इंचच उचला. जेवढं उंच उडाल तेवढा उशीर.

डग्गेवाला

त्यात माझी भर. सहाव्या मात्रेला उजव्या हाताची तर्जनी तिसऱ्या तारेवर असते. ती तिसरी तार मोकळी वाजली तर कोमल गंधार, भैरवीतलाच. म्हणजे डावा हात सहाव्या मात्रेला उचलून टाका, मोकळी तार वाजू दे, आणि पुढच्या समेला नवी कॉर्ड बसलेली असेल. पूर्ण एक मात्रा मोकळी मिळाली. ऐकणाऱ्याला तो मोकळा सूर जागा घेतल्यासारखा वाटतो. समेला मात्र उशीर चालणार नाही; कॉर्ड अर्धवट बसली तरी अंगठ्याने खर्ज वेळेवर द्या. बाकीची बोटं दुसऱ्या मात्रेपर्यंत पोचली तरी कोणी तक्रार करत नाही.

मींड_आणि_मलम

एफ मेजर सेव्हनबद्दल थोडं वेगळं मत. ओळीत जिथे गायक कोमल रिषभावर लांब थांबतो, तिथे पहिल्या तारेवरचा मोकळा सा त्याच्या अगदी अर्ध्या स्वरावर वाजतो आणि घासतो. आणि डग्गेवाल्यांच्या ठेक्यात ती तार नेमकी चौथ्या मात्रेला, एकटी, उघडी पडते. त्या आवर्तनापुरती तर्जनी आडवी करून पहिली-दुसरी या दोनच तारा पहिल्या फ्रेटवर दाबा. छोटी एफ. दोन तारांचा बार कोणालाही जमतो, मनगट थोडं पुढे घ्यायचं आणि तर्जनीच्या बाजूची कड लावायची, मांसल पोट नाही. बाकी ठिकाणी मोकळी पहिली तार चालेल.

मधल्या तुकड्याचा विषय कोणी काढला नाही. व्हायोलिनची ओळ पहिल्या दोन तारांवर बसते. कॅपोपासून मोजलं तर पहिल्या तारेवर सा मोकळा, कोमल रिषभ १, कोमल गंधार ३, मध्यम ५, पंचम ७, कोमल धैवत ८, कोमल निषाद १०. दुसऱ्या तारेवर पंचम मोकळा, कोमल धैवत १, कोमल निषाद ३, सा ५. तार सा कॅपोपासून बाराव्यावर, म्हणजे खऱ्या सोळाव्या फ्रेटवर येतो, आणि कटवे (वरच्या फ्रेट्सपर्यंत हात जायला अंगाला दिलेली खाच) नसलेल्या ड्रेडनॉटला चौदाव्यालाच गिटारचं अंग लागतं. ओळ तार सा ला शिवत असेल तर सगळी एक सप्तक खाली उतरवा आणि तिसऱ्या-चौथ्या तारेवर वाजवा. अर्धी खाली अर्धी वर करू नका, तुटते.

मींडेसाठी (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाण्यासाठी) तार ओढू नका. स्टीलची तार तेवढी ओढताना सूर बरोबर जागी थांबत नाही आणि बोट सोलवटतं. घसरा. कोमल गंधारावरून कोमल रिषभावर येताना बोट न उचलता ३ वरून १ वर, दाब तेवढाच ठेवून, मधलं दोन नंबरचं फ्रेट पटकन ओलांडून. दाब सैल झाला की सूर मरतो, जास्त झाला की फ्रेटचे कट्-कट् आवाज येतात. मग १ वरून बोट किंचित खाली ओढत सोडा म्हणजे मोकळा सा आपोआप वाजतो. ग-रे-सा एका छेडीत. भैरवीतला तो उतार एवढा जमला की अर्धं गाणं बसलं समजा.

चाळीत किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये रात्री सराव करायचा तर ब्रिजच्या जवळ तारांखाली हातरुमालाची गुंडाळी खोचा. आवाज निम्म्याहून कमी होतो, ठेका आणि बोटांची चूक मात्र स्वच्छ ऐकू येते. मींड यात कळत नाही, ती दिवसा.

खुंटीपिळ्या

भावाच्या पांढरी दोनचं राहिलं. पांढरी दोन म्हणजे डी. ई मायनरचा आकार डी वर आणायला कॅपो दहाव्या फ्रेटवर जाईल, गिटार नाही, मँडोलिन होईल. त्यापेक्षा कॅपो काढा आणि सहाही तारा एक पूर्ण स्वर उतरवा: सहावीपासून डी, जी, सी, एफ, ए, डी. आकार सगळे तेच, कॉर्डची बोटं तीच. भावाला काळी दोन बरी वाटली तर पहिल्या फ्रेटवर कॅपो. रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं तर याच ट्यूनिंगला कॅपो सहाव्यावर, परत काळी चार.

एक स्वर उतरवला की तारांचा ताण सुमारे २० टक्के कमी होतो. मान थोडी सरळ होते आणि सहावी तार जोरात मारल्यावर फ्रेटवर थरथरू शकते. म्हणून इथे १२ च्या तारा ठेवा. ११ चं मी वर बोललो ते नेहमीच्या ट्यूनिंगसाठी. आणि कारागिराकडे जाताना गिटार उतरवलेल्या ट्यूनिंगमध्येच न्या, 'असंच वाजणार आहे' असं सांगून. नाहीतर तो नेहमीच्या ताणावर उंची बसवेल आणि घरी येऊन तारा उतरवल्या की सहावी तडतडेल. लोकलने जाणार असाल तर नुसत्या कापडी बॅगेत नको, साडेनऊच्या गर्दीत खुंट्यांना धक्का लागतो. कडक केस नसेल तर दुपारची गाडी बघा.